खळ्यावरचा हक्क

नगरच्या तोफखाना भागातल्या आमच्या बोळात हन्नाबाई पाडळ्यांविषयी दोन मते होती, आणि दोन्ही झुंबरबाईंचीच होती. सकाळी नळावर त्या म्हणत, "बाई देवमाणूस. आवाज चढवून बोललेली कधी ऐकली नाही." संध्याकाळी ओट्यावर लसूण सोलताना त्याच म्हणत, "शिकून शिकून डोकं फिरलं बघा. कॉलेजातली जागा कायम व्हायला आली होती, आणि हिनं एका शब्दापायी घालवली. शब्द तरी कोणता? आपण रोज उठून बोलतो तो."

शेजारच्या छबूबाई विचारीत, "कुणाला शिवी-बिवी दिली का काय?"

"शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीची माफी तरी मागता येते."

जागा गेली, हे खरे होते. १९७३ च्या जूनपासून पुढचे वर्षभर हन्नाबाईंनी मुलींच्या शिकवण्या घेतल्या आणि उरलेल्या दिवसांत एस.टी.ने नेवासे आणि पाथर्डी तालुक्यांतली गावे पुन्हा पालथी घातली. वर्षाने त्याच जागेची जाहिरात निघाली, तेव्हा त्यांनी इतर उमेदवारांबरोबर बाकावर बसून मुलाखत दिली आणि ती जागा मिळवली. पण मधले वर्ष बोळाच्या हिशेबी वायाच गेले होते. झुंबरबाईंना शब्द ठाऊक होता, त्यामागची गोष्ट ठाऊक नव्हती. हन्नाबाईंनी ती आपणहोऊन कोणाला सांगितली नाही. आम्हाला, त्यांच्या विद्यार्थ्यांना, ती कळली ती आमचे विभागप्रमुख आप्पासाहेब दरंदले यांच्याकडून.

हन्नाबाईंचे गाव सोनईजवळचे. वडील इसहाक मास्तर मिशनच्या शाळेत शिक्षक होते. घरात बायबल, अंकगणित आणि स्वच्छता या तीन गोष्टींना सुट्टी नसे. हन्नाबाई त्या घरातून नगरला शिकायला आल्या, राज्यशास्त्रात एम. ए. झाल्या आणि ज्या कॉलेजात शिकल्या तेथेच तात्पुरत्या अध्यापिका म्हणून लागल्या. वर्गात त्यांची एक रीत होती. प्रश्न विचारला की त्या थांबत. उत्तर येईपर्यंत दुसरे काही बोलत नसत, खिडकीबाहेर पाहात नसत, हातातला खडूही हलू देत नसत. पहिल्या आठवड्यात मुलांना वाटे, बाई पुढचे विसरल्या. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी त्या शांततेला घाबरून उत्तर देई, आणि मग वर्ग बोलता होई.

आप्पासाहेब दरंदले हे सोनईच्याच एका बागायतदार घराण्यातले. त्यांच्या मनात एक अभ्यासक्रम बरेच दिवस घोळत होता. मानवी हक्कांचा विषय तेव्हा राज्यघटनेच्या पेपरात एका प्रकरणापुरता असे. मुले मूलभूत हक्कांची यादी पाठ करीत आणि परीक्षेनंतर विसरत. आप्पासाहेबांचे म्हणणे असे, की हा विषय स्वतंत्र शिकवावा, आणि शिकवण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या गावांत हक्कांची स्थिती काय आहे हे जाऊन पाहावे. आधी संशोधन, मग अध्यापन. विद्यापीठाने तत्त्वतः होकार दिला आणि अट घातली: पाहणीचा अहवाल समाधानकारक असेल तर अभ्यासक्रम मंजूर होईल, आणि त्याबरोबर अध्यापकाची एक कायम जागाही.

पाहणीचे काम हन्नाबाईंकडे आले. ते त्यांनी किती मनावर घेतले होते, हे प्रश्नावलीच्या पहिल्याच बैठकीत दिसले. आप्पासाहेबांनी "तुमचे मूलभूत अधिकार" असे शब्द घातले होते. हन्नाबाईंनी ते खोडले.

"सर, खेड्यात अधिकार म्हटलं की फौजदार आठवतो. अधिकार साहेबाला असतो. सामान्य माणसाला समजेल असा शब्द पाहिजे."

"मग कोणता घालता?"

"हक्क. हा शब्द गावात सगळ्यांना कळतो."

आप्पासाहेब म्हणाले, "हे बरीक खरं आहे." आणि प्रश्नावलीत सगळीकडे हक्क आला. तुम्हाला तुमचे हक्क मिळतात का? सार्वजनिक विहिरीच्या पाण्यावर तुमचा हक्क आहे का? तो कोणी नाकारतो का? असे सरळ, सोपे प्रश्न. विद्यार्थ्यांना घेऊन हन्नाबाई सुगीनंतरच्या दिवसांत गावोगाव फिरल्या. महारवाड्यात, मातंग वस्तीत, धनगरवाड्यात घोंगडीवर बसून त्यांनी विचारले आणि आपल्या रीतीप्रमाणे उत्तरासाठी थांबल्या. उत्तरे आली. बहुतेक ठिकाणी ती होकारार्थी होती. हक्क मिळतात, विहिरीच्या पाण्यावर हक्क आहे, कोणी नाकारीत नाही. हन्नाबाईंना त्याचे थोडे नवल वाटले, पण लोकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेले आपण आपल्या समजुतीने बदलू नये, असे त्या विद्यार्थ्यांना बजावीत असत. त्यांनी ते जसेच्या तसे लिहिले. अहवाल विद्यापीठात गेला आणि तेथे फार आवडला. "आशादायक" हा शेरा त्यावर आला. १९७३ च्या जूनमध्ये समितीने नगरला यावे, अहवालावर बोलावे आणि अभ्यासक्रमावर शिक्कामोर्तब करावे, असे ठरले.

मधल्या काळात दुष्काळ पडला. गावे ओस आणि दुष्काळी कामे गजबजलेली, अशी स्थिती होती. अभ्यासक्रमाच्या पाठ्यपुस्तकासाठी लोकांच्या तोंडची दोन-चार निवेदने हवी होती, म्हणून एप्रिलमध्ये हन्नाबाई पाथर्डी तालुक्यात एका पाझर तलावाच्या कामावर गेल्या. दुपारची सुट्टी होती. एका खुरट्या बाभळीखाली काही बायका तांबड्या मिलोच्या, म्हणजे रेशनवर मिळणाऱ्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी सोडून बसल्या होत्या. त्यांत चांगुणाबाई होती. दोन वर्षांपूर्वी मातंग वस्तीत तिच्याच अंगणात हन्नाबाईंनी प्रश्नावली भरली होती. तिने ओळखले.

"या बाई, बसा. भाकर खाता का? लाल हाय, पन भाकरच हाय."

हन्नाबाई बसल्या. भाकरीचा तुकडा घेतला. मग म्हणाल्या, "मावशी, मागं तुम्ही सांगितलं होतं, तुम्हाला तुमचे हक्क मिळतात म्हणून. त्याबद्दल जरा सविस्तर सांगाल का? मला पुस्तकात घालायचंय."

"मिळत हुता तवा. आता कुठला?"

"आता का नाही मिळत?"

"आता गं बया! खळंच न्हाई, तं हक्क कुठनं?"

हन्नाबाईंना वाटले आपण नीट ऐकले नाही. "खळ्याचा आणि हक्काचा काय संबंध?"

बायका खो-खो हसल्या. पलीकडे पाठ टेकून बसलेला चांगुणाबाईचा नवरा भीमाही उठून बसला.

"ऐका! बाईला वाटतंय हक्क टपालानं येतो."

"आवं बाई," चांगुणाबाई समजावून सांगू लागली, "आमी वरीसभर दोर वळून द्येयाचे, केरसुन्या द्येयाच्या, दिवाळी-दसऱ्याला तोरन बांधायचं. मंग सुगीला खळ्यावर जायाचं. मळणी झाली की कुनबी पाटीभर दानं घालतो. त्यो आमचा हक्क. आजापंज्यापासनं हाय. यंदा शिवारात कनीस न्हाई, मंग खळं कशाचं आन् हक्क कशाचा?"

हन्नाबाई थांबल्या. या वेळी ते थांबणे उत्तरासाठी नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आणि विहिरीच्या पाण्यावर हक्क आहे म्हणाला होतात, तो?"

"हाय की."

"म्हणजे तुम्ही विहिरीवर जाऊन घागर बुडवता?"

"आमी?" चांगुणाबाईने भीमाकडे पाहिले. "आमी कशाला बुडवू? खाली उभं ऱ्हायाचं, घागर ठेवायची, आन् जी कुनी बाई पानी भरत आसंल तिनं वरनं वतायचं. तिला न्हाई म्हनता येत न्हाई. वतायलाच लागतं. त्यो हक्क हाय आमचा."

कोणी हसले नाही, कारण तिच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखे काही नव्हते. हन्नाबाईंचा चेहरा पाहून चांगुणाबाईच कावरीबावरी झाली.

"काय झालं बाई? आमी खोटं बोललो का काय तुमच्याम्होरं?"

"नाही मावशी. तुम्ही खरंच बोललात. मी दुसरंच ऐकलं."

"मंग तुमचा हक्क म्हंजी कोनता?"

राज्यशास्त्राच्या अध्यापिकेला ते सांगायला वेळ लागला. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या तुम्ही एकही दोर वळून दिला नाही, कोणाचं काही काम केलं नाही, तरी जे तुम्हाला मिळायलाच पाहिजे, ते. विहिरीचं पाणी तसं."

भीमाने जरा वेळ विचार केला. "काम न करता?"

"काम न करता. माणूस आहात म्हणून."

"मंग त्याला हक्क कशाला म्हनता बाई? त्ये लई येगळं हाय. त्याला दुसरं नाव काढा."

मुकादमाची शिट्टी झाली आणि माणसे घमेली घेऊन उठली.

नगरला परतल्यावर हन्नाबाई थेट आप्पासाहेबांच्या घरी गेल्या. त्यांनी सारे ऐकून घेतले, कपातला चहा थंड होऊ दिला आणि मग कपाळावर हात मारला.

"हन्नाबाई, अहो, लहानपणी आमच्या खळ्यावर हक्क मीच घालीत असे! वडील म्हणायचे, पाटी शिगोशीग भर, हक्काला हात आखडू नये. आणि तुमचा अहवाल मी अथपासून इतिपर्यंत वाचला, तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही. कॉलेजच्या फाटकातून आत आलो की हा शब्द निराळा होतो आणि गावच्या वेशीत निराळा."

"सर, अहवाल चुकीचा आहे."

"सगळा नाही."

"मुख्य भाग. लोक हो म्हणाले ते बलुत्याला. आणि विहिरीच्या बाबतीत तर आपण उलटंच लिहिलंय. वरून पाणी ओतून घेणं म्हणजे शिवाशिव. ती आपण हक्क मिळतो म्हणून नोंदवली."

आप्पासाहेब उठून खोलीत फेऱ्या घालू लागले. त्यांचा स्वर सावकाश आणि आर्जवी झाला. "मी काय सांगतो ते ऐका. समिती जूनमध्ये येतेय. अभ्यासक्रम एकदा मंजूर होऊ द्या. तुमची जागा होऊ द्या. मग आपण दुसरी पाहणी करू, सुधारलेला अहवाल काढू. आता मागे घेतलात तर अभ्यासक्रमच लांबणीवर पडेल. कदाचित कायमचा. ह्या विषयाला कोण हौसेनं जागा देतंय? आणि तुमची मुदत जूनला संपतेय. मी दुसरी काही सोय करू शकणार नाही, हे स्पष्ट सांगतो."

"मला माहीत आहे सर."

"अभ्यासक्रम नसण्यापेक्षा चुकीच्या अहवालावर उभा राहिलेला अभ्यासक्रम बरा, असं नाही वाटत तुम्हाला?"

हन्नाबाई म्हणाल्या, "विचार करते." आप्पासाहेब पुढे आम्हाला सांगत, की हन्नाबाईंनी तात्काळ नकार दिला असता तर ते त्यांच्याशी भांडले असते. पण त्या खरोखरच विचार करायला निघून गेल्या, आणि भांडायला कोणी उरले नाही. तो अभ्यासक्रम हन्नाबाईंनाही हवाच होता. घटनेतली कलमे पाठ करणाऱ्या मुलांना गावात नेऊन बसवायचे, विचारायला आणि ऐकायला शिकवायचे, हा त्यांचाच आराखडा होता. त्यातले पहिल्या वर्षाचे तास त्यांनी लिहूनही ठेवले होते.

रविवारी त्या गावी गेल्या. चर्चमधून येऊन इसहाक मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"बाबा, हक्क म्हणजे काय?"

"कॉलेजात तू शिकवतेस आणि मला विचारतेस?"

"खळ्यावरचा."

मास्तरांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. तो पुसण्यासारखा झाला नव्हता. "ते तुला कोणी सांगितलं?"

"तुम्ही सांगायला पाहिजे होतं."

"मीच सांगायचं नाही असं ठरवलं होतं," मास्तर म्हणाले. "तुझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या सुगीला पाटलाचा माणूस दारात आला. म्हणाला, देव बदलला तरी खळं तेच आहे, चल, हक्क घेऊन जा. आजोबा गेले नाहीत. गावकीचं काम सोडलं, हक्कही सोडला. आजीला ते कधी पटलं नाही. ती म्हणायची, देव घरात आला आन् दानं बाहेर गेलं." मास्तर थोडेसे हसले. "त्या सोडलेल्या हक्काची रडकथा ऐकत मी वाढलो. तेव्हा ठरवलं, आपल्या पोरांच्या कानावर हा शब्द पडू द्यायचा नाही. ज्याची चव ठाऊक नाही त्याची आठवण येत नाही."

"इतकी गावं फिरले बाबा. लोक माझ्यासमोर तो शब्द बोलत होते, आणि मला तो ऐकूच आला नाही."

"मी घरातून काढला होता. गावातून कोण काढणार?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग मास्तरांनी विचारले, "आता तुझ्या त्या अभ्यासक्रमाचं काय?"

"अजून ठरलं नाही."

"जेवून जा," मास्तर म्हणाले.

समितीच्या बैठकीच्या सकाळी कॉलेजच्या फाटकाशी हन्नाबाई आप्पासाहेबांची वाट पाहात उभ्या होत्या. "सर, मी आज सांगणार आहे."

"ते मला त्या दिवशीच कळलं होतं," आप्पासाहेब म्हणाले. "फक्त चहा होऊ द्या. पोहे चांगले झालेत असं शिपाई सांगत होता. माणसं खाऊन बसली की जरा मऊ असतात."

समितीचे अध्यक्ष विद्यापीठातून आलेले एक वृद्ध, अभ्यासू प्राध्यापक होते. स्वभावाने सभ्य आणि बोलण्यात नेमके. त्यांनी पोहे खाल्ले, अहवाल उघडला आणि त्याची मनापासून स्तुती केली. विहिरीविषयीचे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले. हे वाक्य आपण पुण्याच्या परिषदेत उद्धृत करणार आहोत, असेही सांगितले.

हन्नाबाई उभ्या राहिल्या आणि चांगुणाबाईने जे सांगितले ते त्यांनी जसेच्या तसे सांगितले. खळे, पाटी, दोर आणि वरून ओतलेले पाणी. स्वतःचा बचाव केला नाही आणि स्वतःला दोषही दिला नाही. प्रश्नावलीत शब्द चुकला, तो मी निवडला होता, एवढेच म्हणाल्या. आता नाम वगळून फक्त क्रियापदे वापरून विचारावे लागेल, असे त्यांनी पुढे सांगितले: घागर कोण बुडवतो, कोण खाली उभा राहतो, देवळात कोण कुठपर्यंत जातो, दोर दिला नाही तर काय होते.

समितीतला एक सदस्य हसू दाबत होता. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिले तसा तो थांबला. बराच वेळ त्यांनी अहवालाची पाने मागेपुढे केली. मग ते समजूतदारपणे म्हणाले, "बाई, तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला. पण त्यासाठी एवढं मोठं काम बुडवायचं कारण नाही. अहवाल राहू द्या. खाली एक तळटीप घाला, की काही उत्तरदात्यांनी 'हक्क' ह्या शब्दाचा स्थानिक अर्थ घेतला असण्याची शक्यता आहे. शास्त्रीय दृष्ट्या ते पुरेसं आहे. अभ्यासक्रम आजच मंजूर करू."

आप्पासाहेबांनी हन्नाबाईंकडे पाहिले. तळटीप ही वाईट सूचना नव्हती. त्यांनी स्वतः ती स्वीकारली असती, असे ते आम्हाला नेहमी सांगत.

हन्नाबाई म्हणाल्या, "काही नाही, साहेब. बहुतेक सगळ्यांनी. आणि ते पानाच्या खाली लिहून भागणार नाही. वरची ओळ खोटी आहे."

"मग अहवाल मागे घ्यावा लागेल. अभ्यासक्रम निदान एक वर्ष पुढे जाईल. जागाही आज निर्माण होणार नाही, आणि पुढे झाली तरी ती तुम्हालाच मिळेल अशी हमी मी देऊ शकत नाही. हे तुमच्या ध्यानात येतंय ना?"

"येतंय."

अध्यक्षांचा सभ्यपणा तेवढ्यापुरता सुटला. त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "आणि विद्यापीठाला मी कारण काय कळवू? नगर जिल्ह्यात जन्मलेल्या, नगरलाच शिकलेल्या माणसांना नगर जिल्ह्याचं मराठी येत नाही, असं लिहू?"

"तसंच लिहा," हन्नाबाई म्हणाल्या. "येत नव्हतं. अहवाल परत द्या."